शोभेचं अक्षर: वर्ध्यातून पाहिलेला एक छोटा इतिहास



आजचा विषय कळल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, जन्मभर आम्हाला शंकराचार्य आणि कांट शिकवलेत, आणि आता फाँटवर बोलणार?" मी म्हटलं, हो, आणि त्याला कारण आहे. ते कारण आधी सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

काही वर्षांपूर्वी आमचे एक सहकारी वारले. तीस वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसलो होतो. शोकसभा ठरली आणि फ्लेक्स करून आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मी दुकानात गेलो, मजकूर कागदावर लिहून दिला, फोटो दिला, "जरा छान, मोठ्या अक्षरात करा" म्हणालो आणि निघून आलो. संध्याकाळी सभागृहात फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे शब्द अशा अक्षरांत होते की वेलांटीला वेल फुटलेली, कान्याच्या टोकाला कळी, शिरोरेषेला दोन्हीकडून मुरड. लग्नपत्रिकेवर 'शुभविवाह' ज्या अक्षरात छापतात, ते अक्षर. कोणी काही बोललं नाही. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि नंतर सभा संपेपर्यंत मान वर केली नाही. आता त्या तशाही खालीच पाहत बसल्या असत्या, हे मला कळतं. पण ते अक्षर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

शुद्धलेखन मी स्वतः तपासलं होतं. एक चूक नव्हती. शब्द बरोबर होते, अर्थ बरोबर होता, आणि तरीही जे सांगायचं ते चुकलं होतं. शब्द आणि अर्थ दोन्ही बरोबर असताना जे चुकतं ते काय असतं? हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, आणि त्याचं उत्तर शोधताना मला छापखान्याच्या आणि पेंटरांच्या इतिहासात शिरावं लागलं.

अक्षरं दोन कामांची असतात. काही वाचण्यासाठी, काही पाहण्यासाठी. पुस्तकाच्या पानातलं अक्षर जितकं कमी जाणवेल तितकं चांगलं. वाचक त्याच्यातून आरपार मजकुराकडे गेला पाहिजे. पाटी, मथळा, मुखपृष्ठ, नाटकाची जाहिरात, औषधाची बाटली इथलं अक्षर मात्र आधी दिसावं लागतं, नंतर वाचलं जातं. त्याला आपण मथळ्याचं किंवा शोभेचं अक्षर म्हणू. आज बाजारात 'व्हिंटेज' नावाने जी अक्षरं मिळतात, ती या दुसऱ्या जातीची. ती मुद्दाम जुनी दिसतात. व्हिंटेज हा शब्द मुळात द्राक्षांच्या मळ्यातला आहे, अमुक वर्षीच्या तोडणीची वाइन अशा अर्थाचा. म्हणजे वय हीच किंमत.

ही जुनी दिसणारी अक्षरं खरोखर किती जुनी आहेत? युरोपात छपाई पंधराव्या शतकात सुरू झाली, पण पुढची साडेतीनशे वर्षं मोठं अक्षर म्हणजे पुस्तकातलंच अक्षर, फक्त आकाराने मोठं. बदल झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लंडनमध्ये. १८०३ च्या सुमारास रॉबर्ट थॉर्न या टाइप पाडणाऱ्याने जाड भाग अतिजाड आणि बारीक रेषा केसासारखी अशी अक्षरं आणली. त्यांना पुढे 'फॅट फेस' म्हणू लागले. १८१५ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्सने पायाला चौकोनी ठोकळे असलेली अक्षरं दाखवली. मग सावली असलेली, पोकळ, मधून रेघ गेलेली, पाय दुभंगलेली अशी एकामागून एक आली. का आली? कारण भिंतीवर चिकटवायच्या कागदांची गर्दी झाली होती. लॉटरी, लिलाव, घोडागाडीची वेळापत्रकं, नाटक, सर्कस. प्रत्येकाला शेजारच्या कागदापेक्षा मोठ्याने ओरडायचं होतं.

शिशाचे मोठे खिळे जड होत, महाग पडत, आणि पडले की चेपत. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने यंत्राने लाकडी अक्षरं कोरायची रीत बसवली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफ जोडला. आता एक नमुना कापला की त्यावरून हव्या त्या मापाची, हवी तितकी अक्षरं निघू लागली. आजचा इंग्रजी व्हिंटेज फाँट, कॉफीच्या दुकानावरचा, दाढीच्या साबणावरचा, बहुतेक वेळा याच लाकडी आणि शिशाच्या अक्षरांची आठवण असतो. म्हणजे इंग्रजीत व्हिंटेज अक्षर हे छापखान्याचं स्मारक आहे.

मराठीत तसं नाही. आणि आज मला जे मुख्य सांगायचं आहे ते इथे आहे.

आर्वीला माझ्या मामांचा छोटा छापखाना होता. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, एक जुळारी आणि मामा स्वतः. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे खिळे पुन्हा आपापल्या घरात टाकायचं काम करायचो. इंग्रजीच्या केसमध्ये सव्वीस मोठी अक्षरं, सव्वीस छोटी, आकडे, विरामचिन्हं. दोन दिवसांत हाताला सवय होते. मराठीच्या चार केस मांडलेल्या असत. पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, उकार जोडलेली, रफार, वेलांट्या, मात्रा, मात्रा आणि अनुस्वार एकत्र. घरं शेकड्यांनी. माझ्या हातून 'द्ध' च्या घरात 'द्व' पडला की जुळारीकाका न बघता, नुसत्या बोटांनी ओळखायचे आणि माझ्याकडे पाहायचे.

आता हिशेब करा. इंग्रजीत जाहिरातीसाठी एखादं नवं नक्षीदार अक्षर पाडायचं तर सव्वीस मोठी अक्षरं आणि दहा आकडे केले की काम भागतं. प्रत्येक अक्षराचा आधी पोलादी पंच कोरायचा, तो तांब्यात ठोकून मातृका करायची, मग तिच्यात शिसं ओतून खिळा पाडायचा. छत्तीस वेळा. नागरीत हेच शेकडो वेळा करावं लागणार, आणि तेही एका मापासाठी. कोण करील?

नागरीची साधी, वाचायची अक्षरं घडवायलाच आपल्याकडे दोन-तीन पिढ्या गेल्या. १८०५ मध्ये विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी नागरी टाइप सुधारला. त्यानंतर जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप पाडायचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला, आणि राणूजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या हातून नागरीला तिचं देखणं, भरीव रूप मिळालं. संस्कृत आणि मराठी ग्रंथ ज्यांनी निर्णयसागरच्या आवृत्तीत वाचले आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. एवढे श्रम साध्या अक्षरावर झाल्यावर शोभेच्या अक्षरासाठी फार काही उरलं नाही. छायादार आणि पोकळ नागरी टाइप कोणी पाडलेच नाहीत असं नाही. पण इंग्रजीसारखा त्यांचा पूर आला नाही.

मग मामा लग्नपत्रिका सजवायचे कशी? अक्षर साधंच ठेवायचे आणि शोभा भोवती आणायचे. वेलबुट्टीच्या बॉर्डरचे तुकडे, कोपऱ्यातली फुलं, वर गणपतीचा ब्लॉक, खाली कलश. जुन्या मराठी पत्रिका नीट पाहा. दागिने चौकटीला आहेत, अक्षर सुती कपड्यात आहे.

पण नाटकाच्या जाहिराती होत्या, देवादिकांची चित्रं होती, दुकानांच्या पाट्या होत्या. तिथे मोठं, नटलेलं मराठी अक्षर हवंच होतं. ते खिळ्यातून आलं नाही, म्हणून हातातून आलं. पहिला हात शिळाप्रेसचा. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर, म्हणजे आधी हाताने लिहून, मग ते दगडावर उतरवून. १८७८ मध्ये पुण्यात निघालेल्या चित्रशाळा प्रेसच्या रंगीत चित्रांखालची नावंही याच वाटेची; शिळाप्रेसमध्ये अक्षर म्हणजे चित्राचाच भाग. दुसरा हात ब्लॉकसाठी मथळा काढून देणाऱ्या चित्रकाराचा. त्याने शाईने अक्षर काढायचं, त्याचा जस्ताचा ब्लॉक व्हायचा, आणि तो ब्लॉक खिळ्यांच्या शेजारी बसायचा. मासिकांची नावं, नाटकांची नावं यांतली आपल्याला आठवणारी बहुतेक अक्षरं अशी एकेकटी जन्मली. त्या एका नावापलीकडे त्या वळणाची उरलेली मुळाक्षरं अस्तित्वातच नव्हती.

आणि तिसरा हात पेंटरचा. महाराष्ट्रात या शब्दाला एवढा मान की कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री 'बाबूराव पेंटर' याच नावाने अमर झाले. आधी नाटकाचे पडदे रंगवले, मग १९२० मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट केला, आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवली. त्यांच्यासारखे मोठे थोडे. पण प्रत्येक तालुक्याच्या गावी एक-दोन पेंटर होतेच.

आमच्या कॉलेजचे सगळे बोर्ड एकच पेंटर रंगवायचे. मी त्यांना अनेकदा काम करताना पाहिलं आहे. आधी चुन्यात भिजवलेली दोरी दोन्ही टोकांनी ताणायची आणि मधे टिचकी मारायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटली. ती शिरोरेषा. इंग्रजी पेंटर अक्षर खालच्या रेघेवर उभं करतो. आपला पेंटर ते वरच्या रेघेला टांगतो. मग खडूने अंदाज, मग चपटा ब्रश. शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांटीसाठी जागा, खाली उकारासाठी जागा, म्हणून तेवढ्याच उंचीच्या पट्टीत मराठी अक्षराचं अंग इंग्रजीपेक्षा लहान पडतं. ते भरून काढायला पेंटर अक्षर जाड करतो, आणि जाड केलं की आतली पोकळी बुजते. या अडचणीतून प्रत्येकाने आपली वाट काढली. कोणी वेलांटी शेजारच्या अक्षरावर लांब झुलवली, कोणी उकाराला गाठ मारली. शेवटी सावली. उजेड डावीकडून येतो असं धरायचं आणि उजवीकडे, खाली शेड मारायची. मग ते अक्षर पत्र्यावरून उठून उभं राहतं.

आणि ते रंगवायच्या आधी नेहमी विचारायचे, "दुकान कायचं आहे जी?" किराण्याचं अक्षर वेगळं, सोनाराचं वेगळं, दवाखान्याचं वेगळं. हा प्रश्न लक्षात ठेवा.

आपला हा जिल्हा कापसाचा. हिंगणघाटच्या बाजाराचं नाव कापसामुळे दूरवर गेलं. जिनात, प्रेसमध्ये आणखी एक अक्षर होतं, त्याला कोणी कला म्हटलं नाही. १९२५ च्या कायद्याने कापसाच्या प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक असणं सक्तीचं झालं. पत्र्यात अक्षर कापायचं, तो पत्रा गाठीवर धरायचा आणि वरून रंग फिरवायचा. पत्र्यातून मधला तुकडा गळून पडू नये म्हणून अक्षर जागोजागी तोडावं लागतं. आज हेच तुटकं अक्षर शहरातल्या महागड्या हॉटेलांत भिंतीवर 'रफ लूक' म्हणून मिरवतं. ज्या माणसाने गाठीवर ते मारलं त्याला लूक नको होता. गाठ हरवली तर कोणाची ते कळायला हवं होतं. शोभा पुष्कळदा अशीच जन्मते. कोणाची तरी गरज संपते, आणि तिचा आकार मागे उरतो.

आता तुम्ही विचाराल, सर, पण वर्धा म्हटलं की आपल्याला साधेपणा आठवतो. या गावाचा नक्षीदार अक्षराशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो विरोधाचा आहे. म्हणूनच हा विषय वर्ध्यात बोलावासा वाटला.

१९३५ मध्ये इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन झालं. तिथून नागरी लिपीच्या सुधारणेचं काम काका कालेलकरांकडे आलं. १९३६ मध्ये गांधीजी सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला राहायला आले, आणि त्याच वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. समितीची जुनी पुस्तकं ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल, त्यांत इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही अक्षरंच नाहीत. सगळे स्वर 'अ' ला वेलांटी, उकार, मात्रा देऊन: अि, अी, अु, अू, अे, अै. सहा स्वतंत्र अक्षरं कमी झाली. नवशिक्याचं ओझं हलकं, जुळाऱ्याच्या केसमधली घरं कमी. इकडे मराठीत सावरकरांनीही अशीच 'अ'ची बाराखडी मांडली होती आणि 'किर्लोस्कर' मासिकाने ती काही काळ चालवली. राजकारणात ज्यांचं एका वाक्यावर एकमत होणं कठीण, त्यांचं लिपीच्या बाबतीत एवढं जमावं, ही गंमत आहे. खिळ्यांची संख्या कमी करण्याचा ध्यास त्याआधी टिळकांनीही घेतला होता. पुढे विनोबांनी 'लोकनागरी' नावाने स्वतःचा प्रयोग केला.

या सगळ्यांच्या मनात अक्षर म्हणजे साधन. चरख्यासारखं. जितकं सोपं, स्वस्त, सगळ्यांच्या हाती येणारं, तितकं चांगलं. मामांच्या चार केस ज्याने पाहिल्या आहेत, तो या विचाराला नावं ठेवणार नाही. आणि एक सुधारणा तर खरोखर टिकली. जुन्या वळणात 'ख' हा 'र' आणि 'व' शेजारी ठेवल्यासारखा दिसे. 'खाना' की 'रवाना' असा घोळ होई. मानक वळणात 'ख' चे दोन भाग खाली जोडले गेले. मोठ्या, नटव्या अक्षरात हा घोळ आजही होतो, कारण फाँट करणारा जुनेपणाच्या मोहाने जोड सोडून देतो.

पण 'अ'ची बाराखडी टिकली नाही. १९५३ च्या लखनौ परिषदेने ह्रस्व वेलांटी उजवीकडे नेऊन पाहिली, तीही चार-पाच वर्षांत मागे घ्यावी लागली. का? एक कारण नक्कीच हे की अक्षराची ओळख ही चेहऱ्याची ओळख असते. 'इ' च्या जागी 'अि' वाचता येतो, अडचण काही नाही. पण 'ई' ने सुरू होणारा 'ईश्वर' हा शब्द 'अीश्वर' असा दिसला की घरच्या माणसाने दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं वाटतं. अक्षर साधन आहेच. पण नुसतं साधन नाही.

इथे थांबून गांधीजींवरचा एक गैरसमज दूर करतो. त्यांना सौंदर्याचं वावडं होतं असं समजलं जातं. आत्मकथेत त्यांनी स्वतःच्या वाईट हस्ताक्षराबद्दल खंत व्यक्त केली आहे, आणि मुलांना आधी चित्रकला, मग अक्षर शिकवावं असं सुचवलं आहे. म्हणजे अक्षर हे आधी काढायचं आणि मग लिहायचं. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा ते सजवायला त्यांनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठीही नंदलाल बाबूंनीच चित्रफलक रंगवले. बांबू, माती, गावातला माणूस कामात दिसणारा. शोभा होती. पण ती तिथलीच होती आणि तिथल्या कामाची होती.

आनंद कुमारस्वामींचा अलंकरणावर १९३९ चा एक निबंध आहे. त्यात ते 'अलंकार' शब्दाची फोड करून दाखवतात. अलम् म्हणजे पुरेसं. अलंकार म्हणजे एखादी वस्तू तिच्या कामाला पुरेशी करणं. वरून चिकटवलेली जादा शोभा हा नंतरचा, घसरलेला अर्थ. मी तर्कशास्त्राचा माणूस, व्युत्पत्तीवरून सिद्धान्त काढू नये हे मला माहीत आहे. पण ही फोड माझ्या प्रश्नाला नेमकी लागू पडते. गोपुरीजवळच्या गीताई मंदिरात जा. १९८० मध्ये उभं राहिलेलं. छप्पर नाही, मूर्ती नाही. उभ्या शिळांवर विनोबांची गीताई कोरली आहे, अठराही अध्याय. अक्षरं साधी. तिथे वेलबुट्टी नाही म्हणून ती अक्षरं उणी वाटतात का? नाही. ती तिथे पुरेशी आहेत. आणि सोनाराच्या पाटीवरचं सावलीचं, सोनेरी, मुरडलेलं अक्षर? तेही तिथे पुरेसं आहे. प्रश्न साधं की नटलेलं हा नाहीच. कोण बोलतोय, कोणाशी, कोणत्या प्रसंगी, याला ते पुरतं का, हा आहे. पेंटर विचारायचे तोच: दुकान कायचं आहे?

मग संगणक आला. सुरुवातीला डीटीपी, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, आणि त्यात शोभेच्या अक्षरांची रांगच्या रांग. जे शिशात शंभर वर्षं परवडलं नाही ते पडद्यावर एकदम स्वस्त झालं. मग फ्लेक्स आला, आणि पेंटरचं काम दोन-चार वर्षांत बसलं. रात्री सांगा, सकाळी घेऊन जा. लोकांची यात चूक नाही. गरीब दुकानदाराला ते परवडतं.

गंमत पुढे आहे. हात गेल्यावर हाताची आठवण आली. मुंबई लोकलच्या स्टेशनांवर रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी 'यात्रा वन' हा फाँट केला. तो आज कोणालाही फुकट मिळतो. 'एक टाइप' च्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी 'मोदक' केला. नागरी किती जाड करता येईल याची ती जणू परीक्षाच. आतल्या पोकळ्या फक्त रेघांपुरत्या उरतात, तरी अक्षर वाचता येतं. त्याच गटाने जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांवरून 'जैनी' केला. ही प्रामाणिक कामं आहेत, कारण आपण कोणाच्या हातावरून शिकलो हे त्यात सांगितलेलं आहे. म्हणून म्हणतो, इंग्रजी व्हिंटेज ही छापखान्याची आठवण, तर मराठी व्हिंटेज ही बहुतेक पेंटरची आणि लेखणीची आठवण आहे.

सगळंच असं प्रामाणिक नसतं. 'शिवकालीन' म्हणून जी अक्षरं फ्लेक्सवर दिसतात, तलवारीच्या पात्यासारखी टोकं असलेली, त्यांचं उदाहरण घ्या. शिवकाळातला मराठी कारभार मोडीत चाले. धावतं, गोलाईचं, बोरूने लिहिलेलं अक्षर. महाराजांची संस्कृत राजमुद्रा नागरीत आहे, पण तिच्यातही तलवारी नाहीत. ही टोकदार अक्षरं विसाव्या शतकातल्या नाटक-सिनेमाच्या जाहिरातींच्या वळणाची आहेत. ती वापरू नयेत असं मी म्हणत नाही. नाटकाची म्हणून वापरा. पण ती इतिहास म्हणून खपवली की आपण पुराव्याऐवजी वेशभूषेवर विश्वास ठेवायला शिकतो. जुनं दिसणं आणि जुनं असणं यांतला फरक पुसला गेला की इतिहासाच्या वर्गात फार काही शिकवता येत नाही.

शोभेचं अक्षर वापरणाऱ्यांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण तुमच्यात काही जण मंडळांचे, शाळांचे, दुकानांचे फलक करवून घेत असतील. शोभेचं अक्षर दोन-चार शब्दांपुरतं. पत्ता, वेळ, फोन नंबर साध्या अक्षरात. फाँट निवडताना 'क ख ग' पाहून निवडू नका; 'श्रद्धा', 'ज्ञानेश्वर', 'कृष्ण', 'विद्यार्थी' हे शब्द टाइप करून पाहा. जोडाक्षर तुटलं, रफार सरकला, 'ख' चा 'रव' झाला तर तो फाँट कितीही देखणा असो, सोडून द्या. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत का ते बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपं म्हणून राज्य शासनाने २००९ मध्ये ठरवून दिली आहेत. आणि फॅट फेसची जाड-बारीक रेषा नागरीवर जशीच्या तशी लादलेली असेल तर डोळ्याला खटकेल. बोरूचा काप इंग्रजी टाकाच्या उलट असतो, म्हणून आपलं जाड-बारीक वेगळ्या जागी पडतं.

आता त्या शोकसभेकडे परत जातो. सभा संपल्यावर लोक पांगले. मागच्या खुर्चीवर ते पेंटर बसले होते. गेलेल्या सरांनी त्यांच्या मुलाला फी न घेता शिकवलं होतं. माझ्याजवळ आले, फ्लेक्सकडे पाहिलं. मला वाटलं आता टोचून बोलतील. ते एवढंच म्हणाले, "सर, मयतीच्या अक्षराले शेड नाही मारत जी आमी." आणि नमस्कार करून गेले.

चाळीस वर्षं त्यांनी बोर्ड रंगवले, आणि हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तो त्यांच्या हातात होता. फ्लेक्सच्या दुकानातल्या पोराला तो माहीत नव्हता, कारण त्याला कोणी सांगितला नव्हता. आणि मला, दुःखावर व्याख्यानं दिलेल्या माणसाला, तो विचारायचं सुचलं नव्हतं. फाँटची यादी आपल्याला वारशात मिळाली. कोणतं अक्षर केव्हा वापरायचं नाही, हे मात्र मिळालं नाही.

माझ्या वयात शोकसभा वरचेवर येतात. आता मी दुकानात त्या पोराच्या शेजारी बसून फ्लेक्स करून घेतो. पांढऱ्यावर काळं, साधं अक्षर, सावली नाही. पहिल्यांदा तो म्हणाला, "सर, एवढं साधं? रिकामं दिसते ना." मी त्याला पेंटरांचं वाक्य सांगितलं. परवा गेलो तर त्याने विचारायच्या आत विचारलं, "सर, कार्यक्रम कायचा आहे?"

शेवटी एक विनंती. आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, देवळी, तुम्ही जिथे असाल तिथे, बाजारात फिरताना रंगवलेली जुनी पाटी दिसली तर मोबाइलने तिचा फोटो काढा. पण फक्त अक्षराचा नको. खाली उजव्या कोपऱ्यात, बोटभर अक्षरात, पेंटर आपलं नाव लिहायचा. ते नाव फोटोत येऊ द्या. आणि तो पेंटर हयात असेल, तर त्याला जाऊन विचारा की कोणतं अक्षर कुठे चालत नाही.